वर्गणीचे अर्थकारण : व्हिडिओ गेमच्या सदस्यता-सेवा आणि धानपट्ट्यातील ग्राहक (सानगडीच्या संदर्भात)

प्रस्तावना

मराठी समाजास 'वर्गणी' हा शब्द नवा नाही. उत्सवाची वर्गणी, वाचनालयाची वर्गणी आणि नियतकालिकाची वार्षिक वर्गणी अशा तीन रीती येथे पिढ्यान्‌पिढ्या रूढ आहेत. उत्सवाच्या वर्गणीतून सर्वांचा एक सोहळा उभा राहतो. वाचनालयाच्या वर्गणीचे रूपांतर पुस्तकांत होते; सभासदत्व संपले तर अनामत रक्कम परत मिळते आणि पुस्तके गावातच राहतात. नियतकालिकाची वर्गणी बंद केली तरी जुने अंक घरातल्या फडताळात असतात. गेल्या दशकात व्हिडिओ गेमच्या व्यवसायात वर्गणीची जी चौथी रीत स्थिरावली आहे ती या तिन्हींहून मूलतः भिन्न होय. तीत पैसे थांबले की प्रवेश थांबतो. वर्गणीदाराच्या हाती काही उरत नाही आणि त्याच्या गावातही काही उरत नाही.

प्रस्तुत लेखात या चौथ्या रीतीची, खेळ विकत घेण्याच्या जुन्या रीतीशी तुलना करून, आर्थिक चिकित्सा केली आहे. संदर्भासाठी भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील सानगडी हे गाव समोर ठेवले आहे. सहानगड किल्ल्यामुळे परिचित असलेले हे गाव धानपट्ट्यातील आहे, आणि तेथील पैशाचे वेळापत्रक मुख्यतः धान ठरवते. सानगडीतील खेळाडूंचे सर्वेक्षण येथे अभिप्रेत नाही. व्हिडिओ गेमच्या अर्थकारणावर जे लेखन होते त्यातील ग्राहक बहुधा महानगरातील, मासिक वेतन घेणारा आणि अमर्याद इंटरनेट वापरणारा असतो. ही तीन गृहीतके बाजूला काढल्यावर त्या हिशोबाचे काय होते, हे पाहणे एवढाच येथील हेतू आहे.

जाहिरातीतील भागाकार

मायक्रोसॉफ्टची गेम पास ही सेवा १ जून २०१७ रोजी सुरू झाली. कंपनीचे स्वतःचे नवे खेळ प्रकाशनाच्या दिवसापासूनच वर्गणीदारांना देण्याचे धोरण जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झाले आणि तेव्हापासून ही सेवा जुन्या खेळांचे भाडे-भांडार राहिली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचे वर्गणीदार ३ कोटी ४० लाख असल्याचे कंपनीने सांगितले. सोनीने २०२२ साली आपली प्लेस्टेशन प्लस ही सेवा तीन स्तरांत मांडली. मोबाइलवर ॲपल आर्केड २०१९ मध्ये दरमहा ९९ रुपयांत आणि गूगल प्ले पास फेब्रुवारी २०२२ मध्ये तेवढ्याच मासिक दराने भारतात उपलब्ध झाले.

या सर्व सेवांच्या जाहिरातीचा गाभा एक भागाकार आहे. शेकडो खेळ, त्यांच्या छापील किमतींची बेरीज लाखांत, आणि वर्गणी मात्र काहीशे रुपये. परंतु या भागाकारातील भाजक चुकीचा आहे. वर्गणीला उपलब्ध खेळांच्या संख्येने भागून उपयोग नाही. ग्राहकाने प्रत्यक्षात किती खेळ खेळले, आणि त्यांपैकी किती त्याने एरवी पैसे देऊन घेतलेच असते, त्या संख्येने भागावयास हवे. वाचनालयात दहा हजार ग्रंथ असले म्हणून वाचकाचे वाचन दहा हजारांचे होत नाही. महिन्याचे तास मर्यादित असतात. महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या बाबतीत तर परीक्षेचे महिने वजाच करावे लागतात.

आता आकडे पाहू. गेम पासच्या सर्वांत वरच्या स्तराची भारतातील मासिक वर्गणी ८२९ रुपये होती, म्हणजे वर्षाला ९,९४८ रुपये. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती एकदम १,३८९ रुपये करण्यात आली. वर्षाचा आकडा १६,६६८ झाला. ही वाढ सुमारे ६७ टक्के आहे. त्याच वेळी अमेरिकेत हाच स्तर १९.९९ डॉलरवरून २९.९९ डॉलरवर गेला, म्हणजे तेथे वाढ सुमारे ५० टक्के होती. भारतीय ग्राहकाला आरंभी स्वस्त दर देऊन सवय लावली गेली आणि नंतर वाढीचा वेगही त्याच्याच वाट्याला अधिक आला, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

प्लेस्टेशन ५ साठीच्या काही मोठ्या खेळांची किंमत २०२० साली भारतात ४,९९९ रुपये होती. नव्या मोठ्या खेळाचे माप म्हणून पाच हजार रुपये धरले, तर जुन्या दराने वर्षाची वर्गणी दोन खेळांइतकी होती. ऑक्टोबर २०२५ च्या दराने ती तीनहून अधिक खेळांइतकी झाली. म्हणजे वर्षाकाठी किमान चार नवे मोठे खेळ पूर्ण किमतीत घेणाऱ्यालाच वर्गणी परवडते. पण धीर धरणारा ग्राहक पूर्ण किंमत देतच नाही. स्टीम या संगणकीय खेळांच्या दुकानात २०१५ च्या नोव्हेंबरपासून रुपयांत व्यवहार होतात आणि उन्हाळी व हिवाळी विक्रीत वर्ष-दोन वर्षे जुने झालेले खेळ निम्म्या किमतीस सर्रास मिळतात. अशा ग्राहकाने सहा-सात खेळ घेतले तरच वर्गणीची बरोबरी होते. तबकडीवरील खेळ तर खेळून झाल्यावर मित्राला देता येतो वा विकता येतो. वर्गणीच्या हिशोबात या रकान्याला जागाच नाही. (खेळ आवडला नाही तर विकत घेणाऱ्याचे पैसे बुडतात आणि वर्गणीदाराचे बुडत नाहीत, ही वर्गणीची खरी जमेची बाजू आहे. ती लहान नाही.)

महिना आणि हंगाम

सानगडीच्या संदर्भात रकमेहून महत्त्वाचा प्रश्न काळाचा आहे. मासिक वर्गणी ही मासिक वेतनाची जुळी बहीण आहे. पहिल्या आठवड्यात पगार खात्यात पडतो आणि त्याच आठवड्यात वर्गण्या वळत्या होतात. धानावर जगणाऱ्या कुटुंबाचे वर्ष असे बारा समान तुकड्यांत विभागलेले नसते. आषाढ-श्रावणात रोवणीसाठी पैसा घरातून बाहेर जातो; मजुरी, खत, चिखलणी यांचा भार याच काळात पडतो. पैसा घरात येतो तो दिवाळीनंतर, कापणी-चुरणी उरकून धान आधारभूत खरेदी केंद्रावर वा व्यापाऱ्याकडे गेल्यावर. ज्यांना सिंचनाची सोय आहे त्यांचे उन्हाळी धान वेगळे. परंतु तेथेही पैसा दरमहा न येता एकगठ्ठा येतो.

अशा घरातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने ९९ रुपयांची वर्गणी जानेवारीत क्षुल्लक असते आणि ऑगस्टमध्ये तशी नसते. एकदाच पैसे देऊन घेतलेला खेळ मात्र जानेवारीत घेऊन ऑगस्टमध्ये खेळता येतो. खरेदी म्हणजे एका अर्थी साठवण आहे. कणगीत धान भरून ठेवावे तसे सुगीच्या पैशाचे मनोरंजन टंचाईच्या महिन्यांसाठी राखून ठेवता येते. वर्गणीला ही साठवण मान्य नाही. न खेळलेला महिना पुढे ढकलता येत नाही. रोवणीच्या दिवसांत ज्याला शेतावर जावे लागते, तो त्या महिन्याचे पैसे भरूनही काही घेत नाही.

यावर वार्षिक वर्गणी हे उत्तर सुचविले जाईल, आणि ते अंशतः बरोबर आहे. प्ले पासची २०२२ मधील वार्षिक वर्गणी ८८९ रुपये होती. बारा मासिक हप्त्यांचे १,१८८ होतात, म्हणजे २९९ रुपयांची बचत. धान विकल्यावर एकरकमी भरावयास ही रीत सोयीची आहे. याच सेवेत एक महिन्याचा आगाऊ भरणा १०९ रुपयांना ठेवला होता, हा तपशीलही बोलका आहे. दरमहा आपोआप पैसे वळते करण्याची परवानगी दिली तर ९९, आणि ती परवानगी न देता एकाच महिन्यापुरते हवे असेल तर १०९. ग्राहकाच्या विसराळूपणाची किंमत कंपनीने स्वतःच दहा रुपये लावली आहे.

या विसराळूपणाला भारतात काहीसा आळा बसला तो रिझर्व्ह बँकेमुळे. १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आवर्ती देयकाची रक्कम खात्यातून जाण्यापूर्वी किमान चोवीस तास आधी ग्राहकास सूचना द्यावी लागते. कंपन्यांनी या नियमाबद्दल कुरकुर केली. पण ज्या घरात एकच बँक खाते आणि त्याला जोडलेला एकच भ्रमणध्वनी असतो, तेथे ही सूचना वडिलांच्या हाती पडते आणि हिशोब उघड्यावर येतो. ग्राहकहिताच्या दृष्टीने यापेक्षा साधा उपाय क्वचितच आढळेल.

डेटाचा अदृश्य खर्च

जियोच्या २०१६ मधील आगमनानंतर ग्रामीण भागात इंटरनेट स्वस्त झाले हे निर्विवाद आहे. तथापि, भ्रमणध्वनीवरील हे इंटरनेट बहुधा दैनिक मर्यादेत मिळते. रोज दीड वा दोन जीबी, आणि मध्यरात्री उरलेले व्यपगत. (हीसुद्धा साठवणीला नकार देणारी वर्गणीच होय.) मोठ्या खेळाचा आकार शंभर जीबीच्या घरात असतो. रोजचे दोन्ही जीबी त्यासाठीच खर्च केले, घरातील कोणी दुसरे काही पाहिले नाही असे मानले, तरी एक खेळ उतरवून घेण्यास पन्नास दिवस लागतात.

येथे वर्गणीचा दुसरा दोष पहिल्याशी येऊन मिळतो. वर्गणीच्या यादीतील खेळ कायमचे नसतात. रेड डेड रिडेम्प्शन २ हा शंभर जीबीहून मोठा खेळ गेम पासच्या यादीत ७ मे २०२० रोजी आला आणि त्याच वर्षी ७ सप्टेंबरला गेला. एकूण १२३ दिवस. दैनिक दोन जीबीच्या ग्राहकाचे त्यांतील पन्नासांहून अधिक दिवस केवळ उतरविण्यात गेले असते, आणि त्या दिवसांचीही वर्गणी त्याने भरली असती. जो खेळ विकत घेतला तो सावकाश उतरविता येतो, एकदा उतरविला की तसाच राहू देता येतो. ज्या घरी ब्रॉडबँड जोडणी पोहोचली आहे तेथे ही अडचण उरत नाही, हे मान्य करूनही एक गोष्ट राहते. वर्गणीची किंमत सर्व देशासाठी एक असली तरी तिचे मूल्य जोडणीगणिक बदलते, आणि ते सर्वांत कमी नेमके तेथे असते जेथे उत्पन्नही कमी आहे.

भ्रमणध्वनीवरचे लोकप्रिय खेळ मुळात विनामूल्य असतात, मग हा खटाटोप कशाला, असा आक्षेप संभवतो. विनामूल्य खेळ खरोखर विनामूल्य नसतो. पबजी मोबाइल व त्याच्या जागी जुलै २०२१ मध्ये आलेला बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया यांत पोशाख, शस्त्रांची रूपे आणि ठरावीक मुदतीचा पास विकला जातो. हा पास म्हणजे वेषांतर केलेली वर्गणीच आहे. फरक इतकाच की त्यात प्रवेश विकला न जाता मित्रांमधील प्रतिष्ठा विकली जाते.

झाडीपट्टीचा ठेका आणि खेळांचा ठेका

आतापर्यंत ग्राहकाचा विचार झाला. निर्मात्याच्या बाजूने पाहताना झाडीपट्टी रंगभूमीचा दाखला उपयोगी पडतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात दिवाळीनंतर, म्हणजे धान हाती आल्यावर, गावोगावी रात्रभर नाटके होतात. देसाईगंज अर्थात वडसा हे तेथील नाट्यकंपन्यांचे केंद्र. गावातील मंडळ कंपनीशी ठरावीक रकमेचा करार करते आणि तिकिटे स्वतः विकते. गर्दी जमली तर नफा मंडळाचा, थंडीने लोक आले नाहीत तर तोटाही मंडळाचा. कंपनीला तिची रक्कम मिळते.

गेम पासमध्ये बाहेरच्या निर्मात्यांशी होणारा व्यवहार रचनेने पुष्कळदा असाच असतो. ठरावीक रक्कम आधी मिळते, जोखीम मंचचालक उचलतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहान संस्थेचा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ येथे लक्षात घेण्याजोगा आहे. लोकनिधी उभारण्याचा प्रयत्न अयशस्वी झाल्यावरही या संस्थेने तो पूर्ण केला. ऑगस्ट २०२० मध्ये तो निन्टेन्डो स्विचवर आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अन्य मंचांवर आला. द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातील उत्कृष्ट स्वतंत्र खेळासाठी त्याला नामांकन मिळाले. जुलै २०२१ मध्ये तो गेम पासमध्ये दाखल झाला आणि जुलै २०२२ अखेर बाहेर पडला. नव्या, अपरिचित संस्थेच्या खेळाला हजारो रुपये मोजण्यापूर्वी ग्राहक कचरतो. वर्गणीदाराला कचरण्याचे कारण नसते. त्यामुळे अशा खेळाला वर्गणीची वाट सोयीची ठरते, हे नाकारता येत नाही.

पण या खेळाची लांबी साधारण पाच-सहा तासांची आहे. वर्गणीदार तो एका शनिवार-रविवारात संपवितो आणि मग त्याला तो विकत घेण्याचे कारण राहत नाही. गेम पासमध्ये आल्यानंतरच्या बारा महिन्यांत खेळांची मूळ विक्री घटते, असे मायक्रोसॉफ्टच्याच अंतर्गत विश्लेषणातून दिसत असल्याची नोंद ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने २०२३ मधील चौकशीत केली. लांब खेळ विक्रीतून बाकी राखून असतो. लहान खेळाची बाकी लवकर संपते. मोबदला खेळलेल्या तासांवर ठरू लागला तर आटोपशीर लिहिलेल्या खेळाची स्थिती आणखी कठीण होईल. कथेपेक्षा कादंबरीला पानांच्या संख्येवर मानधन देण्यासारखाच हा प्रकार आहे.

झाडीपट्टी आणि गेम पास यांतील साम्य येथेच संपते. वडशाच्या कंपनीला करार करण्यास शेकडो गावे आहेत. एका गावाने भाव पाडला तर ती दुसऱ्या गावी जाते, आणि दुसऱ्या रात्री जाते. जागतिक पातळीवर खेळांचा ठेका देणारे मंडळ मात्र दोन-तीनच आहेत. ग्राहकांची गर्दी वर्गणीकडे वळली की तिकीट खिडकी ओस पडते आणि ठेक्याची रक्कम ठरविण्याचा अधिकार त्या दोन-तीन मंडळांकडे जातो. त्यांचा अंदाजही नेहमी बरोबर असतो असे नाही. २०२२ सालच्या एका अंतर्गत पत्रव्यवहारात मायक्रोसॉफ्टने बाल्डर्स गेट ३ या खेळाच्या ठेक्याची रक्कम ५० लाख डॉलर अंदाजली होती. ती कागदपत्रे सप्टेंबर २०२३ मध्ये फुटली. तोवर तो खेळ ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण किमतीत विक्रीस येऊन त्या वर्षीच्या सर्वांत यशस्वी खेळांत गणला गेला होता. बेल्जियमच्या लॅरियन या त्याच्या निर्मात्या संस्थेला बाजारात थेट उतरण्याची ताकद होती. प्रत्येक संस्थेला ती नसते.

खरेदीतील मालकीचा प्रश्न

येथपर्यंतचे विवेचन खरेदीच्या बाजूने झुकलेले दिसेल. म्हणून खरेदीचीही चिकित्सा आवश्यक आहे. डिजिटल खरेदी ही पुस्तकाच्या खरेदीसारखी खरेदी नव्हे. ती वापराची परवानगी असते. युबिसॉफ्टचा द क्रू हा २०१४ मधील मोटार शर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने आपली यंत्रणा बंद केल्याने, पूर्ण पैसे मोजलेल्यांनाही, तबकडी घरात असलेल्यांनाही, खेळता येईनासा झाला. यातूनच युरोपात खेळ बंद पाडण्याविरुद्धची नागरिक-याचिका उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये तिने दहा लाख स्वाक्षऱ्यांचा टप्पा ओलांडला. कॅलिफोर्नियाने कायदा करून १ जानेवारी २०२५ पासून विक्रेत्यांवर, ही मालकी नसून परवाना आहे, असे स्पष्ट सांगण्याचे बंधन घातले. भारतात फ्री फायर या खेळावर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली तेव्हा त्यातील विकत घेतलेल्या वस्तूंचा प्रश्न ग्रामीण भागातील मुलांनाही पडलाच.

तरीही दोहोंत एक तफावत राहते, आणि ती गूगलच्या स्टॅडिया सेवेच्या अखेरीत स्पष्ट दिसली. १८ जानेवारी २०२३ रोजी ती बंद करताना गूगलने विकत घेतलेल्या खेळांचे पैसे परत केले. मासिक वर्गणीचे केले नाहीत. वर्गणीदाराचे दर महिन्याचे देणे त्या महिन्यासोबत फिटलेले मानले जाते, म्हणून त्याचा दावाच उभा राहत नाही. खरेदीदार परवानाधारक असला तरी निदान भांडावयास उभा राहू शकतो.

कोठे उभा राहू शकतो, हा प्रश्न सानगडीपुरता मोलाचा आहे. ऑनलाइन गेमिंगविषयक २०२५ च्या केंद्रीय कायद्यात पैसे न लावता खेळावयाच्या खेळांसाठी वर्गणी किंवा एकवेळचे प्रवेशशुल्क घेण्यास मुभा आहे. कायद्याची दृष्टी पैज आहे की नाही यावर आहे. त्यामुळे वर्गणी आणि एकवेळचे शुल्क हे दोन्ही त्याने एकाच तरतुदीत, शेजारीशेजारी ठेवले आहेत. सेवा बंद झाल्यावर पैसे देणाऱ्याकडे काय उरावे, हा विषय त्या व्याख्येत येत नाही. तो येतो ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये. वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपविण्याचा अधिकार एका पक्षाला देणारे कलम 'अनुचित करार' ठरू शकते, असे तो कायदा सांगतो. परंतु अनुचित कराराची तक्रार ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला दिलेला नाही. तो राज्य आयोगापासून सुरू होतो. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते हे खरे. तरी सदोष पंखा विकणाऱ्या दुकानदाराविरुद्ध सानगडीच्या ग्राहकाला भंडाऱ्यात दाद मागता येते, आणि ८८९ रुपयांच्या खेळ-वर्गणीतील एकतर्फी कलमाविरुद्ध मात्र राज्य आयोगाच्या नागपूर पीठाची पायरी चढावी लागते.